पखवाजापुरती कणीक

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चाळ रिकामी होतेय, तालमीची खोली जाणार, गटातली दोघं बदलापूरला राहायला गेली. अशात गाणं करायचं तरी कशाला, असं तू विचारलंस. आणि खाली लिहिलंस, 'पण म्हणतात ना, हालअपेष्टेतूनच कला जन्मते.' आधी त्याबद्दलच लिहितो, कारण मला ते पटत नाही.

मी लालबागच्या गाळ्यात वाढलो. एका खोलीत गावाकडची वीस-बावीस माणसं. पहिल्या पाळीची उठली की रात्रपाळीची त्याच चटईवर आडवी व्हायची. शनिवारी रात्री भजन. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लागते, हे तुला सांगायला नको. आमच्याकडे ती खानावळवाल्या काकू द्यायच्या. चपात्या आटोपल्या की परातीच्या कडेला राहिलेली गोळा करून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. दोन-तीन महिन्यांत खानावळीचे पैसे थकले, काकूंचं पीठ अर्ध्यावर आलं. तरी शनिवारची कणीक त्यांनी कधी चुकवली नाही. एरवी भजन संपलं की ती खरवडून आम्ही चिमण्यांना टाकायचो. त्या वर्षी वडिलांनी ती कागदात गुंडाळून पुढच्या शनिवारसाठी ठेवली. तीन दिवसांत आंबली. तो आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे.

पावसाळ्यापर्यंत निम्मं मंडळ गावाला गेलं. पेटीवाला कणकवलीला गेला तो परत आलाच नाही. संपाने आमचं भजन मोडलं, हे तुला स्पष्ट सांगतो. जेवढं टिकलं ते काकूंच्या कणकेवर टिकलं.

गिरणगावात एवढं गाणं कुठून आलं, याचा जरा विचार कर. कोकणातून शक्ती-तुरा आला, नमन आलं, दशावतार आला. घाटावरून भारूड आणि तमाशा आला. दारिद्र्य तर गावातही होतंच. मुंबईत भर पडली ती एकत्र राहण्याची. शेजारच्या गाळ्यातली चाल भिंतीतून ऐकू यायची. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२२ पासून कामगारांची नाटकं व्हायची. गल्लीत गणपतीचा मांडव, महिन्याची वर्गणी, आणि पाळी सुटली की ऐकायला हजार माणसं. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला श्रोता असा वर्षानुवर्षं तयार झालेला होता. म्हणून सांगतो, आवाजाआधी खोलीची काळजी कर. शाळेचा वर्ग संध्याकाळी मागून बघ, देवळाचा सभामंडप बघ, बदलापूरच्या त्या दोघांना जवळ पडेल असं कुणाचं घर बघ. आठवड्याला दोन तास, पण वार ठरलेला हवा. वार मोडला की गट मोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तू पाठवलेल्या गाण्याबद्दल. पहिल्याच कडव्यात बिल्डर, सरकार, पोलीस सगळे आलेत. राग खरा आहे, पण ऐकणाऱ्याला आत यायला दार नाही. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' पुन्हा ऐक. संयुक्त महाराष्ट्राची छक्कड, म्हणजे शाहिरी गाणं, ती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, त्या लढ्यातली. पण सुरू कुठून होते? पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावी राहिलेल्या बायकोची आठवण येते, तिथून. बेळगाव, कारवार मागाहून येतात, आणि तोवर तोडलेला मुलूख म्हणजे काय हे ऐकणाऱ्याच्या काळजात उतरलेलं असतं. तुझ्या पत्रात आजीने नळावरची जुनी बादली सोडून यायला नकार दिला, असं एक वाक्य आहे. गाणं तिथे आहे. बिल्डर चौथ्या कडव्यात येऊ दे.

एक गोष्ट लिहू की नको, असं बराच वेळ वाटत होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वस्तीवस्तीत लोकांचं दुःख गाणारा माणूस. मी तेव्हा अनेक रात्री झोपलो नाही. दुसऱ्याचं दुःख रोज गळ्यातून काढायचं म्हणजे ते आपल्या आतूनही जातं, आणि कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजवणारे घरी निघून जातात. तेव्हापासून आमच्या गटात एक रीत आहे. मोर्चातलं किंवा शोकसभेतलं गाणं झालं की गायलेल्या माणसाला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. चहा पाजायचा, जेवायला घालायचं, गाडीत बसवून द्यायचं. तुमच्यातही ही रीत घाल. कुणी 'मी ठीक आहे' म्हणालं तरी सोबत जा. आणि तू स्वतःही तसं म्हणू नकोस. मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले तरी.

ढोलकीवाल्याला त्याच दिवशी पैसे द्या. त्याला घर आहे.

येत्या शनिवारी सगळे माझ्याकडे या. खोली लहान आहे, दाटीवाटीने बसावं लागेल. आजीचं कडवं लिहून आण, चाल आपण बसून लावू. पखवाज आहे. कणीक मी मळून ठेवतो.

तुझा,
काका