मास्तर, टायर बघू का?

वाचकांचे प्रश्न. या वेळचं उत्तर लातूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरचं. त्यांना बावीस वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार, आहे.

प्रश्न: मी लोहा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे, वय ३८. पाच वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. गेले आठ महिने आजार शांत आहे, गोळ्या चालू आहेत. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. दोघांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. दर मे महिन्यात मी काहीतरी कारण काढून बेत मोडतो. यंदा मेव्हण्यानं परस्पर बारा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, गणपतीपुळ्याला. सगळी सासरवाडीची माणसं, आणि माझा आजार बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. वाटेत संडासची कळ आली तर? जावं की याही वर्षी कारण काढावं?
— एक वाचक, जि. नांदेड

उत्तर: गुरुजी, जा. आता बाकीचं सांगतो.

कारणं काढण्यात मी तुमचा सीनियर आहे. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला मी 'ड्यूटी लागली' म्हणून गेलो नव्हतो, आणि ती ड्यूटी मीच डेपोत हातापाया पडून मागून घेतली होती. तुम्ही म्हणाल, कोलायटिसवाला माणूस लग्नाला जायला घाबरतो आणि दिवसभर एसटीत कसा उभा राहतो? त्याचं उत्तर सोपं आहे. माझ्या रूटवर कुठल्या स्टँडवरच्या संडासाला कडी आहे, कुठं पाणी असतं आणि कुठल्या फाट्यावर बाभळीचा आडोसा आहे, हे मला पाठ होतं. लग्नाच्या मांडवात कुणाला विचारणार?

पहिलं वर्ष तर मुळव्याधीच्या औषधात गेलं. रक्त पडतंय, आव पडते, म्हणजे मुळव्याधच, असं सगळे म्हणाले आणि मीही मानलं. शेवटी दुर्बीण घालून तपासलं तेव्हा मोठ्या आतड्याला आतून सूज आणि फोड निघाले. तोवर मी एक भलताच उपाय शोधला होता: उपाशी ड्यूटी. सकाळी काळा चहा, मग थेट रात्री भाकरी. पोटात काही नाही तर कळ कशाची येणार, असा हिशोब. कळ यायची ती यायचीच, कारण सूज आतड्याला असते, ती डबा रिकामा आहे का भरलेला बघत नाही. वरून चक्कर. एकदा उभ्या प्रवाशांत तिकिटं फाडताना डोळ्यापुढं अंधारी आली आणि ट्रे घेऊन एका म्हातारीच्या मांडीवर बसलो. तेव्हा प्रवासाच्या दिवशी उपास नको. थोडं थोडं खा, वेळ साधून खा. जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कळ येते, हे तुम्हालाही माहीत असेल. म्हणून गाडी सुटायच्या दीड तास आधी खायचं, गाडी सुटताना नाही.

आता मामांची गोष्ट. मामा म्हणजे माझे ड्रायव्हर. एका दुपारी, गाडीत पन्नासच्या वर माणसं असताना, मी सिंगल बेल मारून गाडी थांबवली आणि सरळ ज्वारीत पळालो. परत आलो तेव्हा सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. संध्याकाळी मामांनी चहा सांगितला आणि विचारलं, काय भानगड आहे? मी सांगून टाकलं. डॉक्टर आणि बायको सोडून पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आरशात माझा चेहरा उतरलेला दिसला की मोठ्यानं विचारायचे, "मास्तर, टायर बघू का?" मी मान हलवली की पुढच्या पंपावर नाहीतर आडोशाला गाडी बाजूला. हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन मामा खाली उतरायचे आणि टायर ठोकत फिरायचे. टक्, टक्. टायर सहाच, पण दहा मिनिटं लावायचे. प्रवाशांना वाटायचं ड्रायव्हर मोठा काळजीचा माणूस आहे. माझी डबल बेल ऐकू आली की सातवा टायर शोधणं थांबायचं.

बाराही जणांना आजार सांगायची गरज नाही, गुरुजी. मेव्हण्याला सांगा, कारण गाडी त्यानं ठरवली आहे. आणि ड्रायव्हरला सांगा. ड्रायव्हरला आजाराचं नाव नको, एवढंच पुरे: "मला पोटाचा त्रास आहे, हात वर केला की पाच मिनिटांत थांबा." एवढं ठरलं की निम्मी कळ तिथंच जिरते, हे मी अनुभवानं सांगतो. कळ येईल या धास्तीनंच पोटात जास्त ढवळतं. बसायची जागा दाराजवळची घ्या.

मेव्हणा पहाटे चारला निघू म्हणेल. सगळे मेव्हणे म्हणतात. मानू नका. आपल्या आजारात सकाळचे दोन-तीन तास सगळ्यात वाईट असतात. घरच्या संडासात दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, नऊला निघा. तुळजापूरला दर्शन, सोलापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरवरून पुढं. आंबा घाटात वळणावर गाडी थांबवता येत नाही, म्हणून शाहूवाडीच्या मलकापूरला, घाटाच्या अलीकडं, इच्छा असो नसो जाऊन या. घाट उतरला की साखरपा येतं. मध्ये कुठं अडलंच तर पेट्रोल पंप बघा. पंपावर संडास आणि पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, डिझेल घेतलं नाही तरी. चावी मागायला लाजू नका.

औषधाचं नीट ऐका. गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. 'आता बरं आहे' म्हणून मी एकदा या आजाराची रोजची गोळी, मेसालामाइन, बंद केली होती, तिसऱ्या महिन्यात रक्त सुरू झालं. प्रवासात लागतील त्याच्या दुप्पट गोळ्या सोबत ठेवा, निम्म्या तुमच्या पिशवीत, निम्म्या बायकोच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो ठेवा. रात्री गुदद्वारात ठेवायच्या औषधाच्या मेणबत्त्या (सपोझिटरी) असतील तर मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. माझ्या पिशवीत एकदा त्यांचा लोण्यासारखा गोळा झाला होता, तोही बायकोनं पाहुण्यांसमोर बाहेर काढला. कंबर दुखली म्हणून कुणी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन दिलं तर नको म्हणा, त्यानं आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं. संडास बांधायची गोळी, लोपरामाइड, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आतड्याला जोराची सूज असताना ती धोक्याची ठरते. ओआरएसच्या पुड्या घ्या, आणि एक लिटरची पुडी एक लिटरच पाण्यात घाला, ग्लासभर पाण्यात नाही.

माझ्या पिशवीत अजूनही हे असतं: एक पँट, दोन चड्ड्या, काळी प्लास्टिकची पिशवी, टिश्यू, कागदी साबण, पाण्याची बाटली. पँट गेल्या सहा वर्षांत लागलेली नाही. पण ती पिशवीत आहे म्हणून मी गेल्या साली सचखंड एक्स्प्रेसनं नांदेडहून अमृतसरला जाऊन आलो. (रेल्वेनं कधी गेलात तर एक ते आठ नंबरचे बर्थ मागा. संडासाजवळचे म्हणून लोक नाक मुरडतात. आपल्याला तो फर्स्ट क्लास.)

खाण्याचं जास्त सांगत नाही, ज्याचं त्याचं पोट वेगळं. मला दूध चालत नाही, ताक चालतं. आजार शांत आहे तर मासे, भात खुशाल खा. सोलकढी पहिल्या दिवशी अर्धी वाटी पिऊन बघा, नारळाचं दूध काही जणांना लागतं. घरून ठेच्याचा डबा येणार हे मला माहीत आहे, तो मेव्हण्याकडं सरकवा. पाणी उकळलेलं नाहीतर सीलबंद.

निघायच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटून या. त्या वेळी रक्त पडत असेल तर बेत पुढं ढकला, ते कारण खरं आहे. वाटेत दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास झाली, वर ताप आला, छाती धडधडायला लागली, तर समुद्र राहू द्या, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

तिथं रूम तळमजल्याची आणि आत संडास असलेली घ्या. पोरांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, गणपतीपुळ्याचा समुद्र ओढतो. आणि गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरचं नाव विचारून घ्या. वाटेतल्या पहिल्या चहाचे पैसे तुम्ही द्या, मेव्हण्याला देऊ देऊ नका.