शाळेत परसबाग करताय? आधी मेथीसारख्या सोप्या भाज्या लावा

ताई, शाळेत परसबाग करायचा तुमचा उत्साह छान आहे, पण पहिल्याच वर्षी टोमॅटोच्या मागे लागू नका. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावच्या बाजारात ढीग दिसतात म्हणून शाळेतही सहज येतील असं नाही. करपा (पानं करपवणारा रोग) आला की मुलं हिरमुसतात. जूनमध्ये शाळा उघडली की भेंडी, गवारीचं बी टोका (मातीत एकेक करून लावा). दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी आणि मुळा. मेथी ५-६ दिवसांत वर येते, महिन्याभरात जुडी हातात! आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा उंच करा आणि बोट खुपसून ओल बघायला मुलांना शिकवा. नाहीतर प्रत्येक वर्ग येता-जाता झारी रिकामी करतो. स्वयंसेवकांच्या भरवशावर राहू नका, ते काय, रविवारी फोटोपुरते भरपूर येतात. सुट्टीत पाणी कोण घालणार, ते शिपाईमामांशी बोलून आधीच ठरवा.