लेक रग्बी लीग खेळते, अकरावीला विषय कोणते घ्यावेत?

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता सिडनीत वेंटवर्थव्हिलला राहतो. मुलगी इयर टेनला आहे. शाळेतल्या मैत्रिणींच्या नादाने रग्बी लीग खेळायला लागली. आता प्रशिक्षकांनी तिला लिसा फियाओला कपच्या ट्रायलला यायला सांगितलंय. नेमके आत्ताच इयर इलेव्हनचे विषय निवडायचेत. तिला पुढे एनआरएलडब्ल्यूत, म्हणजे इथल्या महिलांच्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेत खेळायचंय, त्यामुळे मॅथ्स एक्स्टेन्शन नको म्हणते. कधी म्हणते फिजिओ होईन. तिचे बाबा कॉलेजात कबड्डी खेळलेत, तरी म्हणतात, खेळ हा छंद, पोट भरायचं साधन नव्हे. साताऱ्याहून आजी रोज विचारते, पोरीचं हाड मोडलं तर? यात खरंच करिअर आहे का?
– एक आई

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलू, कारण घरातला वाद तिथेच अडलेला दिसतोय.

एनआरएलडब्ल्यू 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा चार संघ होते. 2023 ला दहा झाले, 2025 ला बारा. प्रत्येक संघात करारावरच्या साधारण चोवीस खेळाडू धरल्या, तरी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून तीनशेसुद्धा जागा भरत नाहीत. 2023 मध्ये खेळाडूंचा पाच वर्षांचा करार झाला. त्यात किमान मानधन पहिल्या वर्षी 30,000 डॉलर होतं, ते वाढत वाढत 2027 मध्ये 50,600 होणार आहे. जुलै 2025 मध्ये इथला किमान वेतनाचा दर ताशी 24.95 डॉलर झाला. म्हणजे दुकानात पूर्णवेळ उभं राहणाऱ्या मुलीला त्या दराने वर्षाला 49,000 च्या वर मिळतात. 2023 मध्ये एका क्लबला सगळ्या खेळाडूंवर मिळून 8 लाख 84 हजार डॉलर खर्च करायची मुभा होती. चोविसांनी भागून पाहा, डोईला 37,000 सुद्धा येत नाहीत. नामांकित मुलींना जास्त मिळतात, पण ते इतरांच्या वाट्यातूनच.

तेव्हा तिच्या बाबांचं अर्धं बरोबर आहे. नुसत्या खेळावर सिडनीत घरभाडं निघणं आज तरी कठीण. पण त्यांचं उरलेलं अर्धं जुनं झालंय. केझी ॲप्स ही बेगासारख्या लांबच्या गावातली मुलगी, खेळण्यासाठी तासन्‌तास गाडी चालवत जायची, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारांपैकी एक झाली. तिच्या पिढीने पदरचं पेट्रोल घालून खेळ टिकवला. आजच्या मुलीला पगार आहे, आरोग्य विमा आहे, बाळंतपणाच्या काळासाठी नियम आहेत. ही खरी नोकरी आहे, फक्त वर्षभराची नाही. सामने जुलैपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्याआधी तयारीचे काही महिने. उरलेल्या काळात दुसरं काहीतरी करावंच लागतं, आणि गुडघे नको म्हणू लागले की पुढची तीस वर्षं तेच करायचं असतं. म्हणून ‘खेळ की शिक्षण’ असा वाद घरात घालूच नका. या खेळाच्या वेळापत्रकात कुठलं शिक्षण बसतं, एवढंच बघा.

वेळापत्रक पुढची दोन-तीन वर्षं तिच्या बाजूने आहे. लिसा फियाओला कप सतरा वर्षांखालच्या मुलींचा, त्यानंतरचा टार्शा गेल कप एकोणीस वर्षांखालचा. दोन्ही इथल्या उन्हाळ्याच्या शेवटाला, फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतात आणि मेच्या आसपास संपतात. एचएससीची लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधे अभ्यासाला पुरेसे महिने मिळतात, फक्त फेब्रुवारी-मार्चच्या असेसमेंटकडे लक्ष ठेवावं लागेल. ओढाताण होईल ती इयर ट्वेल्व्हमध्येच एखाद्या मोठ्या क्लबने बोलावलं तर. असं घडतं. जेसी साउथवेल 2022 मध्ये न्यूकॅसल नाइट्सकडून विजेतेपद जिंकली तेव्हा सतरा वर्षांची होती. तुमच्या लेकीला हे नक्कीच पाठ असेल. पण ती वेळ आलीच तर न्यू साउथ वेल्समध्ये एचएससी पाच वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करता येते. त्याला पाथवेज म्हणतात. आपल्या लोकांना यात कमीपणा वाटतो, ‘वर्ष वाया गेलं’ असं वाटतं. त्यात कमीपणा काही नाही.

आता फिजिओ. विचार चांगला आहे, पण सिडनीत फिजिओथेरपीच्या पदवीला अ‍ॅटार (विद्यापीठ प्रवेशासाठी धरला जाणारा गुणांक) भरपूर लागतो. शिवाय शेवटच्या वर्षांत रुग्णालयात आठवडेच्या आठवडे पूर्णवेळ, बिनपगारी प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं. सीझनच्या मधे तशी एक आली की क्लब आणि कॉलेज दोघांचीही बोलणी खावी लागतात. माझ्या मते तिने आधी एक्सरसाइज सायन्सची पदवी घ्यावी, शक्यतो पार्टटाइम, आणि मग दोन वर्षांचं फिजिओथेरपीचं मास्टर्स करावं. मधेच मन बदललं तरी पहिली पदवी हातात राहते. अव्वल खेळाडूंसाठी बऱ्याच विद्यापीठांत स्वतंत्र योजना असते. तारखा पुढे ढकलून मिळतात, प्रवेशात थोडी सवलतही मिळते. ओपन डेला त्या टेबलापाशी मुद्दाम जा.

आजींना काय सांगायचं? खोटा धीर देऊ नका. हाड मोडलं तर जुळतं. मला जास्त काळजी गुडघ्याची आणि डोक्याची आहे. गुडघ्यातली एसीएल नावाची लिगामेंट फाटण्याचा धोका अशा खेळांत मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. उडी मारून उतरणं, पळता पळता वळणं यांचा नेमाने सराव केला की तो धोका कमी होतो. ज्या क्लबचं वॉर्मअप दोन फेऱ्या पळून संपतं, तिथून मी माझी पुतणी काढून घेतली असती. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूने तिथेच बाहेर बसायचं. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयाच्या मुलींनी सलग चौदा दिवस काहीही त्रास नसल्याशिवाय अंगाला अंग लागणारा सराव करायचा नाही, आणि किमान एकवीस दिवस सामना खेळायचा नाही. ‘फायनल आहे हो’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकालाही हे एकवीस दिवस लागू आहेत.

बाबांना घेऊन एकदा पॅरामाटाला महिलांचा सामना बघा. कबड्डी खेळलेल्या माणसाला या खेळाची ओळख करून द्यावी लागत नाही. घोट्याला पकड कशी घालायची, अंग कुठे टाकायचं, डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, हे त्यांना समालोचकापेक्षा लवकर दिसेल. लेकीचं टॅकल सुधारायला घरातच माणूस आहे, तो आत्ता विरोधी बाकावर बसलाय इतकंच!

ऑलिंपिकचा विषय घरात निघेलच. रग्बी लीग ऑलिंपिकमध्ये नाही, 2016 पासून आहे ते सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणींचा खेळ, आणि तो रग्बी युनियन या वेगळ्या नियमांच्या रग्बीच्या घरातला. पण ही दारं एकमेकांत उघडतात. एमा टोनेगाटो ऑस्ट्रेलियाकडून लीगचा विश्वचषक खेळली, मग सेव्हन्सकडे जाऊन 2016 मध्ये रिओत सुवर्णपदक जिंकली, आणि पुन्हा लीगमध्ये येऊन 2021 च्या हंगामाची सर्वोत्तम खेळाडू ठरली, मिली बॉयलबरोबर विभागून. भारतात खेळतात तेही युनियनच. 2019 मध्ये भारताच्या मुलींनी मनिलात सिंगापूरला 21–19 असं हरवलं, तो पंधरा जणींच्या खेळातला त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा, आणि ती फिजिओथेरपिस्ट आहे. हे आजींना जरूर सांगा.

एजंट वगैरे आत्ता अजिबात नको. ट्रायलला मात्र जाऊ द्या, आणि तिथे प्रशिक्षकांना नीट विचारा : सराव आठवड्यातून किती संध्याकाळी, सामन्याला फिजिओ हजर असतो का, डोक्याला लागल्यावर परत खेळवायचं की नाही हे कोण ठरवतं, दुखापतीचा खर्च विम्यातून किती निघतो. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा क्लब शोधा, पश्चिम सिडनीत क्लबांना तोटा नाही.

आणि विषयांचा फॉर्म असा भरा : इंग्लिश, मॅथ्स ॲडव्हान्स्ड, केमिस्ट्री, बायॉलॉजी, हेल्थ अँड मूव्हमेंट सायन्स. यातला शेवटचा अ‍ॅटारला धरला जातो, त्याला ‘पीटीचा तास’ समजू नका. मॅथ्स एक्स्टेन्शन सोडलं तरी तिच्या वाटेत काही अडत नाही, पण ॲडव्हान्स्ड सोडू देऊ नका, एक्सरसाइज सायन्सला ते कामाला येतं. सहावा विषय तिचा तिला निवडू द्या. यातला प्रत्येक विषय दोन युनिटांचा; इयर इलेव्हनला बारा युनिट लागतात, ट्वेल्व्हला दहा पुरतात, तेव्हा एक विषय पुढच्या वर्षी तसाही सोडता येईल.