"ताई, माझ्या दुधात लोहच नाही"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की फोनवर पलीकडून "ते लोहाचं जरा विचारायचं होतं" एवढं कानावर पडलं तरी पुढचं सगळं मला कळतं. आईचं हिमोग्लोबिन कमी आलेलं असतं, कुणीतरी "तुझ्यातच नाही तर बाळाला कुठून मिळणार" असं बोलून गेलेलं असतं, आणि मग पावडरच्या डब्यावरचा लोहाचा आकडा वाचून ती रात्रभर जागी असते. स्तनपान समुपदेशनात मला १६ वर्षं झाली. आधी "दूध येत नाही, पुरत नाही" या तक्रारी जास्त असायच्या, आता "दूध भरपूर आहे हो, पण त्यात काही नाही" ही जास्त ऐकते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. जिची गोष्ट सांगतेय तिची परवानगी घेतलीय, नाव बदललंय, आपण तिला मेघना म्हणू.

मेघना पहिल्यांदा आली तेव्हा बाळ ७ आठवड्यांचं होतं. पूर्ण दिवसांचं, वजन छान वाढत होतं. तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन ८.९. सोबत सासूबाई. बसल्या बसल्या तिने पर्समधून एक कागद काढला, त्यावर दोन रकाने, एकीकडे आईचं दूध, दुसरीकडे पावडरचं. आईच्या दुधात लिटरमागे साधारण ०.३ ते ०.४ मिलीग्रॅम लोह, पावडरच्या दुधात त्याच्या कितीतरी पट.

"मॅडम, हे खरंय का?"

"हो, खरंय."

तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन. बहुतेक जण म्हणतात, "काही नाही गं, तू काळजी करू नकोस." मी तसं कधीच सुरू करत नाही. घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यात जे बरोबर आहे ते आधी बरोबर म्हणायचं, मग पुढचं तो ऐकतो, ही माझी पक्की धारणा आहे आणि इतक्या वर्षांत ती ढळलेली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मी तेच म्हणतेय. दूध बघा ना तिचं, निळसर पाणी नुसतं. माझ्या मनात दुसरं काही नाही, बाळाचं नीट व्हावं एवढंच." आणि ते खरंच होतं, त्या बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. बोलण्याआड काळजी असते हे आपण पटकन विसरतो.

मी मेघनाला विचारलं, "या कागदातली कुठली गोष्ट तुला झोपू देत नाही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "की पोट भरतंय पण आतून मी त्याला उपाशी ठेवतेय." आणि रडायला लागली. त्या दिवशी मी तिला लोहाबद्दल काही सांगितलं नाही. बाळाचा वजनाचा तक्ता दोघींसमोर ठेवला, दिवसाला किती लंगोट ओले होतात ते विचारलं, आणि दुधाच्या सुरुवातीच्या धारा पातळ निळसर दिसणं नेहमीचंच आहे, पाजत जाईल तशी स्निग्धता वाढते, एवढं सासूबाईंना सांगून पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या खेपेला ती एकटीच आली. तेव्हा मी तिला लॅक्टोफेरिनबद्दल सांगितलं, आणि हे मी सगळ्या आयांना सांगते म्हणून इथे जरा रेंगाळते.

आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचं एक प्रोटीन असतं. १९३९ मध्ये डेन्मार्कमध्ये गाईच्या दुधात ते पहिल्यांदा दिसलं आणि १९६० मध्ये आईच्या दुधातून वेगळं काढता आलं. लोहानं भरलं की ते लालसर दिसतं म्हणून सुरुवातीला त्याला लाल प्रोटीनच म्हणायचे. त्याचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग लोहाचा एकेक अणू घट्ट धरून ठेवतो. किती घट्ट, तर आपल्या रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन आजूबाजूला थोडी आम्लता वाढली की लोह सोडून देतं, लॅक्टोफेरिन मात्र त्याहून कितीतरी जास्त आम्लतेतही सोडत नाही. जिथे सूज असते, जंतुसंसर्ग असतो, तिथे आम्लता वाढलेलीच असते, म्हणजे नेमकं जिथे धरून ठेवायला हवं तिथे ते टिकतं. पहिल्या दिवसांच्या चिकात ते लिटरमागे ५ ते ७ ग्रॅमपर्यंत असतं, नंतरच्या दुधात १ ते ३ ग्रॅम, आणि गाईच्या दुधात साधारण ०.१ ग्रॅम. आता लक्षात घ्या, लोह मिलीग्रॅमच्याही अंशात आणि ते धरणारं प्रोटीन ग्रॅममध्ये. म्हणजे आईच्या दुधातलं बहुतेक लॅक्टोफेरिन रिकामं असतं.

"रिकामं? मग त्याचा उपयोग काय?" मेघना म्हणाली.

तिने हे विचारलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण आठवडाभर ती फक्त स्वतःबद्दल विचारत होती, आता दुधाबद्दल विचारत होती.

मी तिला १९७२ चा एक प्रयोग सांगितला. ब्रिटनमधल्या संशोधकांनी आईच्या दुधात ई. कोलाय जंतू सोडले, हेच जंतू बाळांना जुलाब करतात. जंतूंची वाढ रोखली गेली. मग त्यांनी त्याच दुधात वरून लोह घातलं, एवढं की लोह धरणारी सगळी प्रोटीन्स भरून गेली, आणि दुधाचा तो रोखण्याचा गुण गेला, जंतू पुन्हा वाढायला लागले. कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिन रिकामं असतं म्हणूनच ते आतड्यात सुटं फिरणारं लोह जंतूंच्या आधी उचलतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कागद उघडला, डावीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि हळूच म्हणाली, "म्हणजे हे कमी पडलेलं नाहीये. कमीच असायला हवंय."

मी काही बोलले नाही. असा क्षण आला की गप्प बसायचं हे मी खूप उशिरा शिकले, पण आता ते मला जमतं. तिचे डोळे भरून आले होते, पण पहिल्या दिवसासारखे नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "या अश्रूंतही लॅक्टोफेरिन आहे बरं का. लाळेत आहे, नाकातल्या स्रावात आहे, जंतूंशी लढणाऱ्या तुझ्या पांढऱ्या पेशींतही साठवलेलं आहे. शरीराची जी जी दारं बाहेर उघडतात तिथे ते उभं आहे."

"माझ्यात? हिमोग्लोबिन ८.९ असताना?"

"तुझ्यातच."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की या सगळ्या आया लोहाबद्दल विचारतच नसतात. त्यांना कुणीतरी शरीराचा हिशोब वजाबाकीचा शिकवलेला असतो, इथे कमी म्हणजे तिथे कमी. मी त्यांना धीर देत बसले तर ती वजाबाकी तशीच राहते. शरीर काम कसं करतं ते समजलं की मगच ती पुसली जाते.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. दोन आठवड्यांनी मेघना आनंदात आली आणि सहज म्हणाली, "ताई, मी माझ्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या. उगाच दुधात लोह वाढायला नको." (मॅडमची ताई झाले होते मी तोवर.) मला धस्स झालं. चूक तिची नव्हती, मी अर्धंच सांगितलं होतं. भीती काढणारी माहिती देताना ती कुठे थांबते हेही त्याच बैठकीत सांगायला हवं, तेव्हापासून मी ते सांगतेच.

तर नीट सांगते. आईने गोळ्या घेतल्या म्हणून दुधातलं लोह विशेष वाढत नाही, आणि आईला ॲनिमिया असला म्हणून ते सहसा फारसं घटतही नाही. दूध बनवताना शरीर ते आपलं आपण सांभाळतं. त्यामुळे गोळ्या आईच्या स्वतःच्या रक्तासाठी आहेत, तिच्या थकव्यासाठी, धाप लागण्यासाठी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यात तोवर घ्यायच्याच. दुधातल्या लोहाचं म्हणाल तर ते कमी असलं तरी बाळाला लागतं चांगलं, निम्म्याच्या आसपास शोषलं जातं असं जुन्या अभ्यासांत दिसलंय, त्यात लॅक्टोफेरिनचा वाटा किती यावर संशोधकांचं एकमत नाही.

शिवाय पूर्ण दिवसांचं बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊनच येतं, साधारण ६ महिने पुरेल इतका. पण हा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, म्हणून वेळेआधी आलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांना डॉक्टर लोहाचे थेंब लवकर सुरू करतात. ते थेंब "आईच्या दुधात सगळं आहे" म्हणून कृपा करून थांबवू नका. पूर्ण दिवसांच्या बाळालाही डॉक्टरांनी दिले असतील तर तेच. आणि पावडर ज्यांना द्यावी लागते त्यांनीही घाबरू नये, तिच्यात लोह जास्त घालतात कारण त्यातलं कमी शोषलं जातं.

मेघनाचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. तिने लॅक्टोफेरिनच्या पावडरची जाहिरात पाहिली होती, "मग हीच बाळाला दिली तर?" ती पावडर गाईच्या दुधातून काढलेली असते. २००९ मध्ये इटलीतल्या ४७२ अगदी कमी वजनाच्या बाळांवरच्या चाचणीत तिने जंतुसंसर्ग कमी झालेला दिसला आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये २,२०० च्या वर खूप लवकर जन्मलेल्या बाळांवर मोठी चाचणी झाली, तिच्यात फरक दिसला नाही. जे बाळ अंगावर पितंय, वाढतंय, त्याला ती स्वतःहून द्यायचं काही कारण मला दिसत नाही. तिला मी सरळ म्हटलं, "तुझ्याकडे आहे ते ताजं आहे, तुझ्या बाळासाठीचं आहे, विकत कशाला आणतेस?" कामावर जाताना दूध काढून ठेवणार असशील तर फक्त ते उकळू नकोस, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट कर, जास्त उष्णतेनं हे प्रोटीन बिघडतं.

नंतर एकदा सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या एका मैत्रिणीच्या सुनेला हाच प्रश्न पडला होता. "मीच तिला सांगितलं, दूध पातळ दिसलं तरी घाबरायचं नाही. पण ते प्रोटीनचं नाव परत एकदा सांगा," म्हणाल्या. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

बाळाला ६ महिने व्हायला आठवडा असताना मेघना आली. हिमोग्लोबिन ११.२ झालेलं. हातात पुन्हा एक कागद, मला वाटलं परत आकडे. तर त्यावर लिहिलं होतं की साठा आता संपत येणार, वरचं खाणं सुरू करताना लोह असलेलं काय काय द्यायचं, वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य म्हणून द्यायचं नाही, आणि अंगावर पाजणं चालूच ठेवायचं.

"एवढंच ना ताई?"

"थेंबांचं डॉक्टरांना विचारलंस का?"

तिने पेन काढलं आणि खाली एक ओळ वाढवली.