लिनक्स मिंटवर वाय-फायची नावेच दिसत नाहीत

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) बसवली. बाकी सारे नीट चालते. परंतु वाय-फायच्या यादीत एकही नाव येत नाही. त्याच खोलीत मोबाइलवर मात्र घरचे आणि शेजारचेही नेटवर्क दिसते. ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) उतरवून घ्यावा तर त्यासाठीच इंटरनेट लागते, आणि लॅपटॉपला केबलचे पोर्ट नाही. राउटर बदलावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : राउटरवर खर्च करू नये. पासवर्ड नाकारला जात असता तर राउटरकडे पाहिले असते. येथे शेजारचीही नावे दिसत नाहीत, म्हणजे अडचण लॅपटॉपच्या आतच आहे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत देऊन पाहावी. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ दाबावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ (rfkill unblock all) ही आज्ञा पुरते.

दोन्हीकडे ‘नो’ असेल, किंवा यादीत वाय-फायचा उल्लेखच नसेल, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) ही आज्ञा द्यावी. ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही. इंटेलच्या बहुतेक चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. जुन्या लॅपटॉपवर हा त्रास बहुधा ब्रॉडकॉमच्या चिपमुळे होतो. त्यांपैकी बीसीएम४३१४२ सारख्या चिपांना कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर निराळा बसवावा लागतो.

इंटरनेटवाचून हे कसे करायचे, हा आपला खरा प्रश्न. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केले, की लिनक्स त्याला केबलची जोडणी मानते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर ठेवला तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. त्यानंतर मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये ब्रॉडकॉमचा पर्याय निवडावा.

बहुतेक जण अडतात ते यापुढच्या टप्प्यावर. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी संगणकाची सुरक्षा) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते, आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. घाईने ‘कंटिन्यू बूट’ निवडल्यास ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल तो स्वीकारत नाही. म्हणून तेथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यावा.

यानंतर पडद्याच्या कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हावर घरचे नाव दिसेल. वाय-फायचा पासवर्ड एकदाच द्यावा लागतो. बीसीएम४३१४२ ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. त्यामुळे राउटर दोन नावे प्रसारित करत असल्यास ५ गिगाहर्ट्झचे नाव ही चिप असलेल्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. ५ गिगाहर्ट्झचा वेग हवाच असेल तर यूएसबी वाय-फाय अडॅप्टर घ्यावा. मात्र खोक्यावरील ‘लिनक्स सपोर्टेड’ या शब्दांवर विसंबू नये, मीडियाटेक एमटी७६१२यू सारखी, कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेली चिप मागून घ्यावी.