पिकअप सकाळी स्टार्ट करताना किंचाळते, मग गप्प होते. कशामुळे?

तुम्ही लिहिलंय की गाडी डिझेल पिकअप आहे, ओतूरहून माळशेज घाट उतरून कल्याणला भाजी नेता. सकाळी पहिला सेल्फ मारला की पाच-सात सेकंद कर्कश्श आवाज येतो आणि आपोआप थांबतो. एकाने पट्ट्याला साबण चोळून दिला, थोडे दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. अशी गाडी चालवत राहिली तर चालेल का, हा तुमचा प्रश्न.

मी गॅरेजमध्ये काम करतो. पावसाळ्यात अशा गाड्या सारख्या येतात आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: घाट उतरायचा असेल तर चालणार नाही. कारण पुढे सांगतो, आधी आवाजाचं बघू.

सेल्फ बॅटरीतून भरमसाट करंट ओढतो. इंजिनने पकडलं की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, ती तूट भरून काढायला लागतो आणि त्या वेळी तो फिरायला जड झालेला असतो. त्याला फिरवणारा पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, ढिला असेल, झिजून गुळगुळीत झाला असेल किंवा रात्रीच्या दवाने ओला असेल, तर तो पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. बॅटरी थोडी भरली की भार उतरतो, आवाज थांबतो. पट्टा मात्र तसाच राहतो.

खात्री करायची तर आवाज थांबल्यावर हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू करा. पुन्हा किंचाळली तर पट्टाच. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते एका बाजूला पूर्ण वळवून बघा. तेव्हाच आवाज येत असेल तर त्या पंपाचा पट्टा तपासा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. किल्ली धरून ठेवलेली असताना, इंजिन पकडायच्या आधीच आवाज येत असेल किंवा पकडल्यावर चिरका आवाज रेंगाळत असेल, तर सेल्फचं पिनियन, म्हणजे इंजिनच्या फ्लायव्हीलला (जड चाकाला) फिरवणारं छोटं दातेरी चाक, नीट अडकत नसावं किंवा मागे येत नसावं. ते लांबवू नका. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, चालू इंजिनच्या पट्ट्यावर आतल्या बाजूने थोडं पाणी मारा. लांबूनच मारा, गळ्यात उपरणं नको, बाह्या मोकळ्या नकोत. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे. क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. काहीच फरक पडला नाही तर एखादं बेअरिंग वाजतंय.

मग इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा आणि पट्टा नीट बघा. जुन्या पद्धतीचा व्ही-बेल्ट पुलीच्या कडेबरोबर बसला पाहिजे. तो खाली जाऊन खाचेच्या तळाला टेकला असेल, तर कितीही ताणला तरी पकडणार नाही, बदलाच. रुंद, रेघांच्या पट्ट्याला तडे दिसले नाहीत म्हणून तो चांगला समजू नका, कारण हल्लीचे पट्टे तडे न जाताच झिजतात. ऑइल किंवा कूलंट लागलेलं दिसलं तर आधी गळती बंद करा, नाहीतर नवा पट्टाही वाया जाईल.

व्ही-बेल्टच्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. ढिला असेल तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून टॉमीने (लोखंडी दांड्याने) अलगद मागे रेटा, पण टॉमी पुढच्या मजबूत भागालाच लावा. आवाज जावा म्हणून पट्टा तारेसारखा ताणणारे कारागीर आहेत. त्याने वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोघांचीही बेअरिंगं जातात. तुमच्या गाडीत पट्टा आपोआप ताणून धरणारा ऑटो टेन्शनर असेल तर ताणायचा प्रश्न नाही. इंजिन चालू असताना टेन्शनरचा दांडा थरथरत असेल तर टेन्शनर बदला.

पट्टा काढलाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली, वॉटर पंपाचा दांडा हलला किंवा त्याच्याखाली कूलंटचा ओघळ दिसला, तर तेच काम आधी करा. बॅटरीही मोजून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. बॅटरी थकली असेल तर अल्टरनेटरला रोज सकाळी जास्त राबावं लागतं.

साबण, मेणबत्ती, पावडर, स्प्रे यातलं काहीही पट्ट्याला लावू नका. त्यावर धूळ चिकटते आणि ऐकू येणारा दोष ऐकू येईनासा होतो, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

आता घाटाचं. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो, आणि बऱ्याचदा वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला की चार्जिंग बंद, इंजिन तापायला लागतं आणि दोन-तीन दाबांनंतर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. माळशेजच्या उतारावर, भरल्या गाडीत, पावसात. तुमच्या गाडीत पंप कुठे आहे ते बॉनेट उघडून आजच बघा. अल्टरनेटरच्या पाठीमागून जाड रबरी नळी बूस्टरकडे (ब्रेकच्या पेडलपुढच्या गोल डब्याकडे) जात असेल तर समजा तिथेच आहे.

उतारावर बॅटरीचा दिवा लागला आणि पेडल कडक झाला तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. खालचा गिअर टाका, एकदाच पूर्ण जोराने दाबून धरा, गाडी डोंगराच्या बाजूला घ्या आणि थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका.

पट्टा बदलाल तेव्हा त्याच मापाचा आणखी एक आणि लागणारे पाने सीटखाली ठेवा. नवा व्ही-बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून पहिली खेप झाल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा तपासा.