गजर 'ऑफ' झाला : वाजला की थांबला?

प्रश्न : इंग्रजीच्या उताऱ्यात 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह' असं वाक्य होतं. माझ्या मुलीने 'पाच वाजता गजर बंद झाला' असा अर्थ लिहिला आणि तिचे गुण गेले. दिवा ऑफ झाला म्हणजे बंद झाला, मग गजर ऑफ झाला म्हणजे वाजला, हे तिला पटवायचं कसं?

उत्तर : मुलीची शंका अगदी रास्त आहे. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले आणि 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजू लागला. क्रियापद तेच, 'ऑफ' तोच, अर्थ मात्र उलटे. 'ऑफ म्हणजे बंद' असं पाठ केल्यामुळे हा घोळ होतो. 'बंद' हा त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हेच. विजेच्या बटणांमुळे तो आपल्या कानावर जास्त पडतो, इतकंच. मूळ अर्थ आहे 'एखाद्या गोष्टीपासून सुटून दूर'.

तिला 'बंद'ऐवजी 'सुटणे' हे क्रियापद धरायला सांगा. गाडी सुटली म्हणजे निघाली, शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे वाहू लागला, नोकरी सुटली म्हणजे गेली. सुरू होणं आणि संपणं आपण एकाच शब्दाने सांगतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही, कारण काय कशातून सुटलं ते ऐकताक्षणी कळतं. 'ऑफ'चं तंत्र हेच. साम्य इतकं जवळचं आहे की सुट्टी म्हणजे 'डे ऑफ' आणि दहा टक्के सूट म्हणजे 'टेन पर्सेंट ऑफ'. सुट्टी काय, सूट काय, दोन्ही शब्द 'सुटणे'च्याच घरातले.

आता गजराकडे या. किल्लीच्या घड्याळात गजराची स्प्रिंग वेगळी असते. ती गुंडाळून ताणून ठेवलेली असते आणि एक पट्टी हातोडीला अडवून धरते. ठरलेली वेळ झाली की फिरत्या चाकाची खाच समोर येते, पट्टी सरकते आणि हातोडी सुटते. बंदुकीतही चाप ओढला की अडकवलेला घोडा सुटतो, म्हणून 'द गन वेंट ऑफ'. दिव्याच्या बटणात सुटतो तो सांधा : आतली धातूची पट्टी समोरच्या टोकापासून दूर होते आणि वीज थांबते.

यावरून एक ताळा तिला देता येईल. जोर आधीच आत दाबून धरलेला असेल (स्प्रिंग, दारूगोळा, बॉम्ब), तर 'वेंट ऑफ' म्हणजे उडालं, वाजलं. बाहेरून पुरवठा चालू असेल (वीज, पाणी, गॅस), तर 'वेंट ऑफ' म्हणजे थांबलं. साध्या इलेक्ट्रॉनिक गजरात ताणलेली स्प्रिंग नसते, पण बोलण्याची रीत जुन्या घड्याळाचीच चालू आहे. आणि गजर थांबवायचा असेल तर 'टर्न ऑफ'. त्यामुळे 'द अलार्म वेंट ऑफ अँड आय टर्न्ड इट ऑफ' या एकाच वाक्यात गजर वाजतोही आणि थांबतोही.

प्रश्न : नुसतं 'इट्स ऑफ' एवढंच ऐकू आलं, तर अर्थ कसा लावायचा?

उत्तर : आधी 'इट' म्हणजे काय ते शोधा. हीटर असेल तर बंद आहे. सामना असेल तर रद्द झाला. डब्याचं झाकण असेल तर निघालं. दूध असेल तर नासलं. ही बोली ब्रिटिश, अमेरिकेत 'बॅड' किंवा 'स्पॉइल्ड' जास्त चालतं. ब्रिटनमधल्या उपाहारगृहात वाढप्याने 'द फिश इज ऑफ' म्हटलं, तर बहुधा मासे संपलेत, खराब झालेले नाहीत. शर्यतीचं वर्णन करणारा 'दे आर ऑफ!' ओरडला, तर घोडे सुटले, म्हणजे शर्यत सुरू. माणसाच्या वागण्याबद्दल 'समथिंग इज ऑफ' म्हटलं, तर काहीतरी बिनसलंय.

'वेल ऑफ' मात्र या रांगेत बसवू नका. तिथे 'ऑफ' परिस्थिती दाखवतो : 'वेल ऑफ' म्हणजे सुखवस्तू, 'वर्स ऑफ' म्हणजे आधीपेक्षा वाईट अवस्थेत. आणि आपला लाडका 'मूड ऑफ' इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना चटकन कळत नाही. त्यांच्याशी बोलताना 'आय ॲम इन अ बॅड मूड' म्हणा.

प्रश्न : 'ऑफ कोर्स' लिहिताना एक एफ की दोन?

उत्तर : एक. दोन एफ लिहिले की अर्थ होतो 'मार्गावरून भरकटलेला'. जहाज किंवा विमान वाट सोडून गेलं की तसं म्हणतात. आपली चूक उच्चारातून येते. एका एफच्या शब्दात तो एफ 'व्ह'सारखा वाजतो, 'ऑव्ह' किंवा घाईत नुसता 'अव्ह'. दोन एफच्या शब्दात स्पष्ट 'फ' ऐकू येतो. मराठीत आपण दोन्ही 'ऑफ' म्हणतो आणि मग लिहिताना अडतो.

मुळात हे दोन शब्द एकच होते. जोर देऊन उच्चारलेलं रूप पुढे दोन एफचं झालं, बिनजोराचं एका एफचं राहिलं, आणि १७ व्या शतकात दोघांच्या वाटा पक्क्या वेगळ्या झाल्या. जर्मन 'आब', लॅटिन 'अब', ग्रीक 'अपो' हे त्यांचे सगेसोयरे, आणि संस्कृतातला 'अप' उपसर्गही त्याच कुळातला. अपहरण, अपगमन या शब्दांत 'दूर' हाच भाव आहे. 'ऑफ' परका वाटत असेल, तर हे नातं जरूर लक्षात ठेवा.

प्रश्न : 'टर्न ऑफ इट' चूक का? 'टर्न ऑफ द फॅन' तर चालतं.

उत्तर : वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं, 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ'. सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे : 'टर्न इट ऑफ'. पण बसमधून उतरायचं असेल तर 'गेट ऑफ इट'. तिथे 'ऑफ' पुढच्या नामाला चिकटलेला आहे, क्रियापदाला नाही. कानाने ओळखायचं तर 'टर्न इट ऑफ'मध्ये 'ऑफ'वर जोर पडतो. 'टेक-ऑफ' हे नाम म्हणून वापरलं की जोर 'टेक'वर जातो.

याच्याच शेजारची एक चूक म्हणजे 'क्लोज द लाइट'. मराठीत दार, दिवा, दुकान सगळंच आपण 'बंद' करतो. इंग्रजीत दार आणि दुकान 'क्लोज', दिवा 'टर्न ऑफ'.

प्रश्न : क्रिकेटची ऑफ साइड आणि फुटबॉलचं ऑफसाइड यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : शब्द एक, हिशेब वेगळे. घोड्याला डाव्या बाजूने धरायची आणि चढायची रीत. म्हणून डावी बाजू 'नियर', पलीकडची उजवी 'ऑफ'. ब्रिटनमध्ये मोटारीच्या उजव्या बाजूला आजही ऑफसाइड म्हणतात. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या पायांपासून लांबची बाजू ती ऑफ. फुटबॉलमध्ये मात्र खेळाडू आपल्या संघाच्या बाजूपासून सुटून पुढे गेलेला असतो. जाता जाता : ब्रिटनमधलं 'ऑफ-लायसन्स' म्हणजे विनापरवाना दुकान नव्हे. दारू विकायची, पण ती दुकानाच्या आवारात प्यायची नाही, असा तो रीतसर परवाना.

प्रश्न : 'पे ऑफ', 'फिनिश ऑफ', 'राइट ऑफ' यांत 'ऑफ' नेमकं काय करतो?

उत्तर : आपला 'टाकणे' जे करतो तेच. फेडून टाकणे, संपवून टाकणे, पुसून टाकणे : काम तडीस नेऊन मोकळं होणं. 'पे' म्हणजे पैसे देणं, 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडून मोकळं होणं. 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ' यांची गल्लत टाळा. परीक्षा 'कॉल ऑफ' झाली तर रद्द, 'पुट ऑफ' झाली तर पुढे ढकलली.

'राइट ऑफ'बाबत जास्तच सावध राहा, कारण त्याचं भाषांतर सर्रास 'कर्जमाफी' केलं जातं. बँक कर्ज 'राइट ऑफ' करते तेव्हा ती रक्कम बुडीत धरून आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. कर्जदाराची देणेदारी त्याने संपत नाही, वसुली चालू राहू शकते. माफीला इंग्रजीत 'वेव्ह' म्हणतात. भाषांतरात 'निर्लेखन' हा शब्द वापरा, किंवा सरळ 'बुडीत खात्यात टाकलं' असं लिहा.